रव्यावर नाव कुणाचं?

गेल्या उन्हाळ्यात माझा पुतण्या पुण्याहून येताना कॉफीचं एक पाकीट घेऊन आला. पाकिटावर मळ्याचं नाव होतं, गाव होतं, समुद्रसपाटीपासूनची उंची होती, झाडाचं वाण होतं, फळं कधी तोडली आणि दाणे कसे वाळवले हेही होतं. त्यानं मोठ्या हौसेनं कॉफी करून दिली आणि मी मात्र पाकीटच वाचत बसलो. "काका, निवली की ती," असं तो दोनदा म्हणाला.

निवली खरी. पण त्या पाकिटानं मला गुळाची आठवण करून दिली होती. माझं सगळं आयुष्य कोल्हापूरच्या गुळात गेलं. बारावीनंतर शिक्षण सुटलं आणि एकोणिसाव्या वर्षी मी एका अडत पेढीवर दिवाणजी म्हणून लागलो. हजारो रव्यांच्या पट्ट्या या हातानं लिहिल्या. (कोल्हापूरच्या पेठेत गुळाच्या ढेपेला 'रवा' म्हणतात.) पट्टीवर शेतकऱ्याचं नाव असे, ते पैसे द्यायचे म्हणून. पण तो रवा बाहेरगावच्या गाडीत चढला की त्याच्यावर फार तर पेढीची खूण उरे. ऊस कुणी पिकवला, कुठल्या जमिनीत, आणि ज्याच्या हातानं रसाचा गूळ झाला तो गुळव्या कोण, हे खाणाऱ्याला कधीच कळत नसे. अजूनही बहुधा कळत नाही.

नाव असण्या-नसण्यानं मालात काय फरक पडतो? या प्रश्नामागे मी गेली काही वर्षं लागलो आहे. मी कृषी पदवीधर नाही, रसायनशास्त्रही शिकलो नाही. गुऱ्हाळावर बसून, माहीतगारांना विचारून आणि मिळेल ते वाचून जे हाती लागलं, ते इथं मांडतो.

पेठ आणि पाडवा

कोल्हापुरात गुळाचा नवा हंगाम दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताच्या सौद्यानं सुरू होतो. ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी वसवली. १८९५ मध्ये त्यांनी शाहूपुरी उभी केली, व्यापाऱ्यांना जागा आणि सवलती दिल्या, आणि करवीर, पन्हाळा, राधानगरी भागातल्या गुळाला हक्काचा बाजार मिळाला. पुढं भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला त्यांनीच सुरुवात केली. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी यांचं पाणी आणि त्यांच्या काठची जमीन होतीच. पेठ मिळाली आणि कोल्हापूरचा गूळ देशभर गेला. त्याचं मोठं गिऱ्हाईक गुजरात झालं आणि आजही तेच आहे.

सौद्याची रीत साधी आहे. रवे ओळीनं मांडलेले असतात. व्यापारी रवा फोडून आतला रंग, कण आणि कडकपणा पाहतात, बोली होते आणि मालाला एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर अशी प्रत लागते. पाहणारे जाणकार असतात, यात शंका नाही. पण बोली भराभर पुढं सरकते, माल ढीगभर असतो, आणि एवढ्या घाईत सगळ्यांत आधी बोलतो तो रंग. पिवळाधमक माल वर जातो, तांबूस माल खाली. जिभेवर किती जणांनी ठेवून पाहिला, असं विचारलं तर उत्तर देणं अवघड आहे.

प्रत कुठं ठरते

आता गुळाची खरी प्रत कुठं ठरते ते पाहू. ती चुलवाणावर ठरते असं आपल्याला वाटतं, पण निम्मी तर त्याच्या कितीतरी आधी रानात ठरलेली असते.

पहिली गोष्ट वाण. गुळासाठी को ९२००५ हे वाण चांगलं मानलं जातं. साखरेनं भरलेला कोसी ६७१ ही गुळाला नावाजलेला. दुसरी गोष्ट जमीन आणि खत. पाण्याचा निचरा नसलेल्या क्षारपड रानातल्या उसाचा गूळ खारट लागतो. उशिरापर्यंत युरियाचा मारा केला, तर ऊस वजनाला वाढतो. पण रस नीट साफ होत नाही, गूळ मऊ पडतो, रंगही मारला जातो. तिसरी गोष्ट पक्वता. कोवळा ऊस तोडला तर रसात फळशर्करा जास्त, आणि असा गूळ पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून पाझरतो. चौथी गोष्ट वेळ. तोडलेला ऊस एका दिवसाच्या आत गाळायला हवा, कारण तोडल्या क्षणापासून त्यातल्या साखरेचं विघटन सुरू होतं. तोडकरी आज आले आणि घाणा परवा रिकामा झाला, तर जगातला कुठलाही गुळव्या ते नुकसान भरून काढू शकत नाही.

मग चुलवाण. रस काहिलीत पडला की त्याला मंद ताप देतात आणि त्यात रानभेंडीचं पाणी घालतात. भेंडीची झाडं ठेचून पाण्यात भिजवली की जो बुळबुळीत चीक सुटतो, तो रसातली घाण धरून वर आणतो. ती मळी रस खदखदायच्या आत काढावी लागते. उकळी फुटली की ती पुन्हा रसात विरते. ताजा रस मुळात आंबट असतो, म्हणून गरजेपुरता चुना लागतो. चुना जास्त झाला की गूळ काळवंडतो आणि चवही बिघडते. पुढं आच वाढवायची, फेस उतू जायला लागला तर तेलाचा थेंब टाकायचा आणि शेवटी पुन्हा आच कमी करायची. पाक १०५-१०६ अंश सेल्सिअसला आला तर काकवी, ११८ अंशांच्या आसपास रवा बांधणारा गूळ. हे आकडे मी पुस्तकात वाचले. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो, आणि सांगतो, "उतरवा." एक-दोन अंशांचा फरक त्याच्या बोटांना कळतो. खाली चिपाडं सारणारा जाळव्या त्याच्या नजरेवर आच कमी-जास्त करतो. एक टन उसातून अदमासे शंभर-सव्वाशे किलो गूळ निघतो, आणि प्रत्येक आदणाला हा सगळा खेळ नव्यानं मांडायचा असतो.

म्हणजे प्रत ही शेतकरी, तोडकरी, गुळव्या आणि जाळव्या यांच्या एकमेकांशी जुळलेल्या कामात असते. सौद्याच्या ओट्यावर यातलं काहीच दिसत नाही. तिथं दिसतो फक्त रंग.

पुडी

इथं मला माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगायला हवी.

पेढीवर लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. पन्हाळ्याकडचे एक शेतकरी आमच्याकडं गूळ लावत. वडीलधारे होते, मी त्यांना आबा म्हणत असे. त्यांचा गुळव्या जुन्या वळणाचा, भेंडीशिवाय काही न वापरणारा. गूळ मधाच्या रंगाचा, दाणेदार. मी स्वतः त्यातला खडा तोंडात टाकून काम करत असे. सौद्यात तो तीन नंबरला जायचा. एका हंगामात तर दर इतका पडला की तोडणीची मजुरीसुद्धा अंगावर आली. आबा पट्टी हातात घेऊन माझ्यासमोर बसले. "दिवाणजी, काय चुकतंय आमचं?"

मी म्हणालो, "काही चुकत नाही, आबा. रंग तेवढा उजळ आणा. गुळव्याला पुडी टाकायला सांगा."

पुडी म्हणजे हायड्रॉस, सोडियम हायड्रोसल्फाइट. तो रसातला रंग घालवतो आणि गूळ पिवळाधमक दिसतो. त्यानं चव सुधारत नाही, टिकाऊपणा वाढत नाही, आणि काही काळ लोटला की रंग पुन्हा उतरतोही. मागं उरतो तो गंधकाचा अंश. अन्नसुरक्षेच्या नियमांत गुळातल्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा दहा लाख भागांत ७० भाग अशी आहे. चिमटीनं अंदाजे पुडी टाकणाऱ्याला ती मोजायला साधन नसतं. दम्याच्या माणसाला असे अंश बाधू शकतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, हे खरं. पण पुडीनं गूळ चांगला होत नाही, हे मला माहीत होतं, हेही खरं.

पुढच्या हंगामात आबांचा गूळ पिवळाधमक आला. एक नंबर लागला. गाडीबरोबर गुळव्याही आला होता. मी कौतुकानं म्हणालो, "मामा, यंदा बाजी मारलीसा की!" त्यानं रव्याकडं पाहिलं. नेहमीप्रमाणं खडा तोडून तोंडात टाकला नाही. म्हणाला, "दिवाणजी, ह्यो गूळ म्या घरी न्हेत न्हाई."

पुढं दोन हंगामांनी त्यानं गुळव्याचं काम सोडलं आणि साखर कारखान्यात रोजंदारीला लागला. त्याची कारणं अनेक असतील. पण मी दिलेला सल्ला त्यात नव्हता, असं मी मनाला कधी सांगू शकलो नाही. त्याच्या बोटांतलं पाकाचं ज्ञान दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं नाही.

कॉफीनं काय केलं

पुतण्याच्या पाकिटापाशी परत येऊ. कॉफीचं पाकीट इतकं बोलकं कसं झालं? ते नेहमी तसं नव्हतं.

आपल्याकडं १९४० च्या दशकापासून मळ्यांतली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जात असे आणि तिथून विकली जाई. त्यानं उत्पादकाला पडत्या काळात आधार दिला, हे नाकारता येणार नाही. पण एका मळ्याचा माल दुसऱ्यात मिसळला की अमुक मळ्याची म्हणून वेगळी चव उरत नाही. १९९० च्या दशकात ही पद्धत टप्प्याटप्प्यानं गेली आणि उत्पादक स्वतः गिऱ्हाईक शोधू लागला. जगातही याच सुमाराला वारं बदलत होतं. १९९९ मध्ये ब्राझीलमध्ये एक स्पर्धा झाली. परीक्षकांनी मळ्याचं नाव न पाहता कॉफी चाखली, गुण दिले, आणि वरच्या क्रमांकाची कॉफी मळ्याच्या नावानं लिलावात विकली गेली. कुणी ऐकलेलं नसलेल्या मळ्यांना त्यामुळं नाव आणि दर दोन्ही मिळालं. आंध्रातल्या अरकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांची कॉफीही अशाच वाटेनं पुढं गेली. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं.

या गोष्टीत मला दोन धागे महत्त्वाचे वाटतात. एक, शिक्षण मळ्यात गेलं. लाल पिकलेलंच फळ तोडा, हिरवं सोडा, तोडलेलं त्याच दिवशी हाताळा, उंचावर पसरून वाळवा. आपल्या उसाच्या गोष्टी याहून निराळ्या नाहीत. दुसरा धागा मोठा आहे: शेतकऱ्याला स्वतःचा माल चाखायला मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या कॉफी पिकवणाऱ्या कित्येकांनी आपल्याच झाडाची कॉफी नीट भाजून, गाळून कधी प्यायलेली नसते. चव कळली की काय सुधारायचं ते कळतं. आणि चवीला दर मिळाला की सुधारायला पुरतं.

गुऱ्हाळावरची चाखणी

कोल्हापुरात शिक्षणाची सोय नाही असं नाही. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र इथंच आहे. वाण, भेंडी, पाकाचं तापमान, साठवण यांवर तिथं काम झालं आहे आणि प्रशिक्षणंही होतात. मी अशा काही वर्गांना मागच्या बाकावर बसलो. शिकवणं चांगलं असतं. पण समोर बसलेले बहुतेक गुऱ्हाळमालक किंवा गुळाचा धंदा काढू पाहणारी तरुण मुलं. गुळव्या क्वचित दिसतो. हंगामात तो आला तर त्या दिवसाची आदणं बुडतात आणि मजुरीही. ज्याच्या बोटांत विद्या आहे तो वर्गात नाही, आणि वर्गात आहे त्याच्या बोटांना पाक लागत नाही.

म्हणून चार हंगामांपूर्वी एका ओळखीच्या शेतकऱ्याला मी म्हटलं, वर्गच गुऱ्हाळावर नेऊ. संध्याकाळी घाणा थांबल्यावर आम्ही बसलो. शेतकरी, गुळव्या, जाळव्या, गावच्या बचत गटातल्या दोघी आणि शहरातला एक किराणा दुकानदार. पाच वेगवेगळ्या आदणांचा गूळ कागदाच्या पुड्यांत बांधून वर फक्त आकडे घातले. प्रत्येकानं आधी कोरडा खडा चाखायचा, मग कोमट पाण्यात विरघळवून प्यायचा, तळाशी काय बसतं ते पाहायचं आणि क्रम सांगायचा.

तीन नंबरचा पुडा सगळ्यांनी खाली टाकला. खारट. गुळव्या जरा चिडला, कारण रंगानं तोच सगळ्यांत देखणा होता. आम्ही वही काढली. ते आदण ओढ्याकडच्या खालच्या पट्टीतल्या उसाचं होतं, जिथं पाणी साचतं. शेतकरी म्हणाला, "ती पट्टी चोपण हाय, हे ठाऊक हुतं. पर गुळात उतरतंय, हे आज कळलं." पुढच्या साली त्यानं ती पट्टी कारखान्याला लावली आणि वरच्या रानाचा ऊस गुळाला ठेवला. सुधारणा एवढीच; पण ती कुठल्या तक्त्यातून आली नाही, जिभेवरून आली. आणि गुळव्याला स्वतःचं प्रत्येक आदण वेगळं करून पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही बोलवायच्या आत तोच पुड्या बांधून बसला होता.

या प्रयोगाचं अपयशही सांगायला हवं. दुसऱ्या हंगामात शहरातल्या एका खरेदीदारानं भेंडीचा गूळ ठरलेल्या दरानं घ्यायचं कबूल केलं. निम्मा उचलला. वळवाचे पाऊस सुरू झाले, उरलेल्यातले काही रवे मऊ पडले आणि त्यानं हात वर केले. राहिलेला माल शेतकऱ्यानं पेठेत नेला आणि तिथं तो, अर्थातच, तीन नंबरला गेला. चूक एकट्या खरेदीदाराची नव्हती. कोरडी साठवण कुणी करायची, माल बिघडला तर तोटा कुणी किती सोसायचा, आगाऊ रक्कम किती, हे आम्ही बोललोच नव्हतो. नातं म्हणजे गोड बोलणं नव्हे. तोट्याची वाटणी आधी ठरते, तेव्हा कुठं नातं सुरू होतं. तिसऱ्या हंगामापासून आम्ही या तीन गोष्टी कागदावर लिहून घेतो, आणि रवे लहान, एक आणि पाच किलोचे बांधतो, म्हणजे पावसाळ्याच्या आत खपतात. गुळव्याची मजुरी आदणावर असतेच. चाखणीत वर आलेल्या आदणाला तिच्यावर थोडी भर मिळते. माल फार नाही, पण चालू आहे.

काळा गूळ

एक धोका इथंच सांगून ठेवतो. पुडीच्या गुळाविरुद्ध बोभाटा झाल्यापासून शहरात उलटी समजूत पसरली आहे: काळा गूळ तो सेंद्रिय. हेही डोळ्यानंच खाणं झालं. गूळ करपल्यानं काळा होतो, चुना जास्त पडल्यानं होतो, मळी नीट न काढल्यानं होतो, शिळ्या उसानं होतो. चांगल्या उसाचा, नीट साफ केलेला भेंडीचा गूळ पुडीशिवायही सोनेरी, मधासारखा निघू शकतो. आबांचा गूळ तसाच होता. रंगावरून पिवळा निवडा किंवा काळा, गुऱ्हाळावर काय घडलं ते दोन्हीकडं झाकलेलंच राहतं.

२०१४ मध्ये कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरचा गूळ आमच्या नावानं विकला जातो, त्याला आळा घालण्यासाठी ते हवंच होतं. पण त्यानं गावाचं नाव राखलं, माणसाचं नाही. कारखान्याला घातलेल्या उसाला कायद्यानं किमान दर आहे. गुळाला तसा आधार नाही. त्यामुळं गुऱ्हाळं एकामागून एक बंद होताहेत आणि गुळव्यांची मुलं या कामाला यायला तयार नाहीत. त्यांना का यावंसं वाटावं? चुलवाणाच्या धगीत उभं राहून केलेल्या कामावर दुसऱ्याची खूण बसत असेल, तर कारखान्यातली रोजंदारी काय वाईट?

आमच्या लहान रव्यांच्या कागदावर आता गाव, रान, वाण, आदणाची तारीख आणि गुळव्याचं नाव छापतो. पहिल्यांदा छापून आलं तेव्हा गुळव्यानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारलं, "आनि गूळ बिघडला तर?"

मी म्हटलं, "तर लोक तुमच्या नावानं बोंब मारतील."

"मग बराबर हाय," म्हणाला, आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

वाचकांनी हा अंक हातात घेतला असेल तेव्हा पाडव्याचा सौदा झालेला असेल आणि नवा गूळ दुकानात येऊ लागला असेल. यंदा तो घेताना रंग पाहण्याआधी दुकानदाराला विचारून पाहा: कुठल्या गुऱ्हाळाचा? भेंडीचा की पुडीचा? केला कुणी? बहुतेक दुकानदारांना सांगता येणार नाही. पण चार गिऱ्हाइकांनी विचारलं तर तो अडत्याला विचारील, आणि अडत्याच्या पेढीवर बसलेला एखादा एकोणीस वर्षांचा दिवाणजी समोरच्या आबांना निराळा सल्ला देईल.